मथळ्याचें अक्षर



अक्षर सुवाच्य असावें, हें मीं मुलांना पस्तीस वर्षें शिकविलें. पण छापील अक्षराला आवाजही असतो, हें मला निवृत्त झाल्यावर समजलें. तें कसें, तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

इंग्लंडांतील शेफील्ड येथें स्टीफन्सन ब्लेक नांवाची टाइप फाउंड्री होती. जेफ्री ली या आरेखकानें रेखाटलेला ‘इंपॅक्ट’ हा टाइप तिनें १९६५ सालीं धातूच्या खिळ्यांत ओतून विक्रीस काढला. पुढें संगणक आला. मायक्रोसॉफ्टनें हा टाइप विंडोजबरोबर दिला, आणि शेफील्डचें अक्षर जगांत घरोघरीं पोंचलें.

त्याची घडण पाहण्याजोगी आहे. रेघा जाड, अंग अरुंद, शेंडे नि शेपट्या आंखूड, आणि अक्षराच्या पोटांतील पांढरी जागा अगदीं चिंचोळी. असें कां केलें? कागदाची रुंदी ठरलेली असते. अक्षर रुंद असेल, तर शब्द एका ओळींत बसविण्यासाठीं त्याची उंची कमी करावी लागते. तेंच अरुंद असेल, तर त्याच ओळींत तें उंच उभें राहतें व दुरून दिसतें. म्हणून भिंतीवरचें पत्रक, वर्तमानपत्राचा मथळा, पुस्तकाचें वेष्टन हीं त्याचीं खरीं ठिकाणें होत.

आपल्या देवनागरीला मात्र हा पोशाख जपून घालावा लागतो. वेलांटी, मात्रा, रफार हे शिरोरेषेच्या वर, तर उकार खालीं. त्यामुळें ओळी एकमेकींस फार चिकटवितां येत नाहींत. शिवाय ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद थोड्याशा रेघेचा. जाडी वाढली कीं तो प्रथम बुजतो. तरीही २०१४ सालीं इंडियन टाइप फाउंड्रीनें प्रसिद्ध केलेल्या ‘टेको’ या चौकोनी वळणाच्या टाइपांत अरुंद देवनागरी मथळ्यास चांगली शोभते.

आतां माझी चूक सांगतों. एका पावसाळ्यांत आमच्या गांवच्या विहिरीचें पाणी गढूळलें. सूचना लिहिण्याचें काम मजकडे आलें. अधिक ठळक तें अधिक चांगलें, अशा समजुतीनें मीं आठ ओळींचा सगळा मजकूर असल्याच जाड, अरुंद अक्षरांत छापून घेतला. फलक काळाभोर दिसला. मीं संतुष्ट झालों. चार दिवसांनीं शेजारची नात जुलाबांनीं आजारी पडली. तिची आजी म्हणाली, “गुरुजी, पाटी रोज पाहतें हो, पण निवडणुकीची असेल म्हणून वाचली नाहीं.”

त्या म्हातारीस मीं काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवशीं फलक बदलला. वर जाड अक्षरांत तीनच शब्द: ‘पाणी उकळून प्या’. खालीं मोकळी जागा सोडून बाकीचा मजकूर साध्या, रुंद अक्षरांत. संध्याकाळीं तीच आजी घागर खालीं ठेवून, ओळीवर बोट फिरवीत, शेवटपर्यंत वाचतांना मीं पाहिली. नातही पुढें बरी झाली.

वर्गांत सगळाच धडा ओरडून सांगणाऱ्या मास्तराकडे मुलें लक्ष देत नाहींत, हें मला ठाऊक होतें. कागदालाही तोच नियम लागू आहे, एवढें मात्र मला उशिरां कळलें. आपण कधीं फलक लिहावयास बसलांत, तर मोठ्यानें म्हणावयाचे दोन-तीन शब्द आधीं निवडा, आणि मग टाइप निवडा.