सांधलेलें चित्र

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार पाहिलें असेल, त्यांस तेथील छायाचित्रकाराची पहिली अडचण सहज कळेल. ती मावण्याची. अशनिपातानें काळ्या पाषाणांत झालेला तो द्रोण कांठापासून कांठापर्यंत सुमारें १.८ किलोमीटर रुंद आणि जवळजवळ दीडशें मीटर खोल. एका चौकटींत त्याचा तुकडाच येतो. म्हणून छायाचित्रकार आठ-दहा चित्रें घेतो आणि तीं संगणकावर जोडतो. प्रत्येक चित्राचा तृतीयांश भाग पुढील चित्रांत पुन्हा यावा आणि कॅमेऱ्यांत प्रकाशाचें माप आरंभींच कायम करावें. नाहीं तर एकाच आकाशाच्या दहा छटा पदरीं पडतात.

येथपर्यंत काम यंत्राचें. पुढें हाताचें सुरू होतें, आणि ही रीत आपल्याकडे नवी नाहीं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला. तेथील लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी घरोघर गेल्या आणि कित्येक ठिकाणीं त्यांवर कापड, जर व टिकल्या चिकटवून देवीस शालू नेसविण्यांत आला. छापील प्रती हजारों, पण नेसविलेली देवी त्या एका घराची!

आजच्या कोलाजांतही हेंच घडतें. मात्र साहित्य पारखून घ्यावें लागतें. चकचकीत कागद जलरंग धरीत नाहीं, सुती लगद्याचा निस्तेज कागद धरतो. पाण्यांत विरघळणाऱ्या शाईनें छापलेलें आकाश खळीच्या ओलाव्यानें ओघळतें; पिग्मेंट शाईचें टिकतें. खळ गव्हाच्या पिठाची शिजवावी. (पुस्तकें बांधणारे कसरीच्या भयानें तींत मोरचूद घालीत; तो विषारी असल्यानें मुलांच्या हातीं देऊं नये.) पुठ्ठ्याच्या पाठीसही एक कागद डकवावा, एरवीं वाळतांना पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. कागद कात्रीनें न कापतां हातानें फाडला, तर कडेस पांढरी तंतुमय रेघ उमटते. कातळाच्या थरांस ती फार शोभते.

खरा प्रश्न सांध्याचा. जून २०२० मध्यें लोणारचें एरवीं हिरवट असणारें पाणी गुलाबी झालें. लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळें तें घडल्याचें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत आढळलें. त्या महिन्याचें पाणी आणि दुसऱ्या एखाद्या श्रावणांतील गर्द कांठ संगणकावर इतके बेमालूम जोडतां येतात कीं, असें दृश्य प्रत्यक्ष होतें असेंच पाहणाऱ्यास वाटावें. बर्लिनच्या हाना होख हिनें १९१९-२० च्या सुमारास छापील छायाचित्रें कापून चित्रें रचलीं, तेव्हां कात्रीच्या खुणा झांकल्या नाहींत. विवान सुंदरम् यांनीं २००१-०२ मध्यें आजोबांनीं काढलेलीं घराण्यांतील छायाचित्रें संगणकावर एकत्र करून निरनिराळ्या काळांतील माणसें एका चौकटींत आणलीं. तेथें सांधा लपला तरी फसवणूक होत नाहीं, कारण माणसाच्या वयावरून काळ ओळखतां येतो. पाण्यास वय नसतें. लोणारच्या चित्रांत म्हणून सांधा दिसूं द्यावा. गुलाबी पाण्याचा कागद फाडून हिरव्यावर डकवावा, आणि कडेस पेन्सिलीनें दोन्ही पाण्यांचा महिना व वर्ष लिहावें.