झाडतोडीचा माल आणि त्याची साधने



व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, राजकारण हे विषय शोभतात. आम्ही मात्र आज तोडलेल्या फांद्यांविषयी बोलणार आहोत. विषय हलका वाटेल. पण ज्याच्या डोक्यावर तो भारा चढतो त्याला तो हलका वाटत नाही.

उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले आणि करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतील काठच्या गावांचे रूप पालटले. ऊस वाढला, केळी आली, बांधावर झाडे उभी राहिली, पडीक रानात वेडी बाभूळ माजली. आता दर उन्हाळ्यात विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटतात, रस्ता रुंद होताना जुनी झाडे जातात, पेरू-डाळिंबाच्या बागांची छाटणी होते. करवत थांबली की आमच्या मजुरांचे काम सुरू होते. पडलेला माल ओढायचा, भरायचा, वाहायचा. पुष्कळदा तो रस्त्याकडेलाच पेटवून देतात. म्हणून ग्रामपंचायती, सोसायट्या, बागायतदार यंत्र घेण्याची भाषा बोलू लागले आहेत. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु यंत्र निवडताना काय पाहायचे, हा विचार आधी झाला पाहिजे.

पहिली गोष्ट, सगळाच माल यंत्रात घालायचा नसतो. सुबाभळीचा कोवळा पाला बेताने दिला तर शेळ्यांच्या कामाचा. सरळ सोट आढ्याला किंवा खांबाला जातात, जाड लाकूड सरपणाला. काटेरी फांदीचे कुंपण होते. हे वेगळे काढल्यावर जो बारीक काटक्यांचा पसारा उरतो, तेवढ्यासाठीच यंत्र हवे. ही वाटणी न करता यंत्र घेणारा गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतो आणि मग त्याचे हप्ते मजुरीतून काढू पाहतो.

दुसरी गोष्ट वजनाची. एक फूट व्यासाचा, एक मीटर लांबीचा ओला ओंडका साठ-सत्तर किलोपर्यंत भरतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली एका पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो सुचविली. म्हणजे हा एक ओंडका एकट्याने उचलणे त्या मर्यादेपलीकडचे आहे. आता ट्रॉलीचा हिशेब करू. तीन टन माल चाळीस-चाळीस किलोने छातीइतक्या उंच फळीवर चढवायचा, तर पाठ पंचाहत्तर वेळा वाकते. साधी ट्रॉली असेल तर उतरविताना तोच खेळ पुन्हा. म्हणून आमचा आग्रह असा की, पैसा थोडा असेल तर आधी उचलण्याची साधने घ्यावीत : मागे आडवी होणारी डंपिंग ट्रॉली, ओंडके लोटत चढविण्यासाठी भक्कम फळ्या, एक चेनकप्पी आणि काटेरी फांद्या ओढायला लांब दांड्याची आकडी. नवा ट्रॅक्टर घेण्याचे तर कारणच नाही. उसाचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या रिकाम्या उभ्या राहतात. फांद्या तोडण्याचे दिवस नेमके तेच. ते भाड्याने घ्यावेत.

आता यंत्राकडे येऊ. कडबाकुट्टीत फांद्या घालण्याचा मोह कोणी करू नये. ते यंत्र वैरणीसाठी आहे. फांद्यांची यंत्रे मुख्यतः दोन जातींची. चिपरला धारदार पाती असतात. स्वच्छ, ओल्या लाकडाच्या तो सारख्या चकत्या पाडतो. पण रस्त्याकडेच्या झाडाला जाहिरातीच्या पाट्यांचे खिळे, तारा, माती चिकटलेली असते, आणि एक खिळा पात्याची धार घालवितो. दुसऱ्या जातीचा श्रेडर हातोड्यांनी माल कुटतो. माती नि पाला त्याला अधिक सोसतो, पण माल जाडाभरडा निघतो आणि जाड ओंडके त्याला पेलत नाहीत. बागेच्या छाटणीला चिपर, मिसळलेल्या कचऱ्याला श्रेडर, असा ढोबळ नियम धरावा. विक्रेता जास्तीत जास्त जाडी सांगतो. आपण विचारावे, दिवसभर न अडकता कोणती जाडी जाते? आणि आपलीच वेडी बाभूळ त्याच्यापुढे ठेवून ती घालून पाहावी.

ट्रॅक्टरवर चालणाऱ्या यंत्राचा पीटीओ बहुधा मिनिटाला 540 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, गमछा किंवा बाहीचे टोक त्या दांड्यात सापडले, तर 'थांबव' हा शब्द तोंडातून निघेपर्यंत काम झालेले असते. म्हणून दांड्यावर आच्छादन असलेच पाहिजे. माल घालण्याचे तोंड इतके खोल हवे की हात पात्यापर्यंत पोहोचू नये. तोंडाशीच थांबविण्याची दांडी हवी, आणि ती माल घालणाऱ्याच्या हाताला लागली पाहिजे. ट्रॅक्टर बंद केल्यावरही जड चाक काही वेळ फिरत राहते. ते पुरते थांबेपर्यंत झाकण उघडू नये. मळणीयंत्रांनी खेड्यापाड्यांत इतके हात नेले की 1983 साली धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि त्यात नुकसानभरपाईची तरतूद घालावी लागली. नव्या यंत्राच्या वेळी तरी शहाणपण अपघाताच्या आधी यावे.

निघालेल्या भुग्याचे काय, हेही आधी ठरवावे. कच्चा लाकडी भुगा मातीत मिसळला तर तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते. तो झाडाच्या आळ्यात वरून पसरावा, म्हणजे उन्हाळ्यात ओल टिकते. किंवा शेणाबरोबर कुजवून खत करावे. भुगा कोठे जाणार हे ठाऊक नसेल, तर आपण फांद्यांच्या ढिगाचा भुग्याचा ढीग केला, एवढेच होईल.

कोणी म्हणेल, यंत्र आले की दहांच्या जागी चौघे पुरतील, मग युनियनवाले यंत्राची वकिली का करतात? तर पाठ मोडणाऱ्या कामाचे आम्हांला प्रेम नाही. काठावरची बाभूळ स्वस्तात साफ करण्याचा एक जुना मार्ग आहे : उचल देऊन आणलेली कुटुंबे आणि कोळशाची भट्टी. 1976 साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला, तरी उचलीच्या हिशेबात माणूस कसा अडकतो हे सगळ्यांना माहीत आहे. यंत्राला आमचा विरोध नाही, पण अटी आहेत. बचत होईल तिचा वाटा मजुरीत यावा. ज्यांची खेप कमी होते त्यांना खत करणे, यंत्र सांभाळणे ही कामे शिकवावीत. मजुरांच्याच संस्थेला यंत्र चालवायला देता आले तर उत्तम. हमालांनी अनेक वर्षे एकजुटीने झगडून 1969 साली माथाडी कायदा मिळविला. झाडतोडीच्या मजुरालाही हजेरी, विमा आणि ठरलेला दर हवा.

आणि शेवटची विनंती. यंत्र पाहायला जाताना सरपंच, चेअरमन, विक्रेता हे जातातच. त्यांच्याबरोबर ट्रॉली भरणारी एक बाई आणि यंत्रात माल घालणारा एक गडी न्या. त्यांना दांडीपर्यंत हात पोहोचवून पाहू द्या, फळीवर ओंडका चढवून पाहू द्या. त्यांनी 'हे नको' म्हटले, तर ते यंत्र विकत घेऊ नका. या काठाने धरणाच्या वेळी पाण्याचा हिशेब आधी आणि उठलेल्या गावांचा हिशेब मागाहून होताना पाहिला आहे. ही खरेदी लहान आहे. निदान तिच्यात माणसांचा हिशेब आधी करू या.