एका किल्लीला एकच कप्पा

श्रोतेहो, ‘तालीम’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? कोल्हापूरची गंगावेश तालीम आणि तिथली लाल माती, नाहीतर नाटकाची तालीम. माझ्या अम्मीला मात्र या शब्दात पाटी-पुस्तक दिसायचं. आमच्या घरी दखनी बोलली जाते. ‘पैले तालीम पुरी कर,’ ती बजावायची. म्हणजे आधी शिक्षण पूर्ण कर. आणि अब्बा पहाटे तालमीत जायचे ते जोर-बैठका काढायला. शब्द एक, घर एक, अर्थ दोन. कविता लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

अम्मी गेल्यावर घरातले शब्द मी चिठ्ठ्यांवर उतरवू लागलो. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक, शब्द, अर्थ आणि वापरलेलं वाक्य. मुलगी संगणकाचं काम करते. ती म्हणाली, ‘अब्बा, चिठ्ठ्यांना वाळवी लागेल. पायथनमध्ये ठेवा, तिथं डिक्शनरीच असते.’ पायथन ही गुइडो व्हॅन रॉसम यांनी घडवलेली, १९९१ पासून लोकांच्या हाती आलेली संगणकभाषा. तिच्यातली डिक्शनरी म्हणजे महिरपी कंसात मांडलेल्या जोड्या. डावीकडं किल्ली, मग अपूर्णविराम, उजवीकडं त्या किल्लीनं उघडणारा ऐवज.

मी उत्साहानं शब्द भरले. भरलेली चिठ्ठी फाडून टाकत गेलो. ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, हे अम्मीच्या वाक्यासह भरलं. महिन्याभरानं अब्बांची चिठ्ठी आली: ‘तालीम’ म्हणजे आखाडा. तीही भरली. संगणकानं हूं की चूं केलं नाही. शेवटच्या चिठ्ठीचा क्रमांक होता ४१२. यादी मोजली तर शब्द ३९७.

छापील कोशात एका शब्दाखाली एक, दोन, तीन असे अर्थ नांदतात. इथं तसं नाही. संगणक पानं उलटत बसत नाही. किल्लीवरूनच आकडेमोड करून थेट जागेवर जातो. पण एका किल्लीला एकच कप्पा. त्यात नवं ठेवलं की जुनं गेलं. ही चूक नव्हे, तो भाषेचा नियमच आहे. म्हणून ती बोलतही नाही.

गेलेल्या पंधरांपैकी अकरा मला आठवले. चार कुठले होते, ते सांगणारं आता घरात कुणी नाही.

मुलीनं उपाय दाखवला. कप्प्यात अर्थ ठेवायचा नाही, आणखी एक डिक्शनरी ठेवायची. मिसळणाच्या डब्यात वाट्या असतात ना, तसं. ‘तालीम’च्या आत ‘अम्मी’ आणि ‘अब्बा’ अशा दोन किल्ल्या. प्रत्येकीच्या आत ‘अर्थ’ आणि ‘वाक्य’. अम्मीच्या अर्थापर्यंत जायचं तर तीन दारं ओळीनं उघडायची.

मधलंच दार नसेल तर? ‘राजीनामा’ घ्या. उर्दूत तो समझोत्याचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. तो शब्द यादीत नसताना मी त्याच्या आत ‘अम्मी’ लिहू गेलो आणि काम ‘की-एरर’ म्हणून थांबलं. तिथं ‘सेटडिफॉल्ट’ कामी येतं. वाटी असेल तर ती तशीच राहू देतं, नसेल तर रिकामी ठेवून देतं. नुसतं विचारायचं असेल तर ‘गेट’ वापरावं. किल्ली नसली तरी ते अडत नाही.

पुढं फुफीच्या घरची यादी आली. दोन्ही एकत्र करायला मी ‘अपडेट’ चालवलं. पण ते बाहेरच्याच किल्ल्या पाहतं. तिच्याकडंही ‘तालीम’ होती; आमची अख्खी वाटी उचलून तिची ठेवली गेली. अम्मी, अब्बा दोघंही गेले. या वेळी फाइलची प्रत होती, म्हणून वाचलो. मग प्रत्येक शब्दाच्या वाटीत उतरून, आतल्या आत जोडणी केली.

श्रोतेहो, तुमच्या घरातले शब्द कधी नोंदवायला बसलात, तर शब्दाखाली बोलणाऱ्याचं नाव ठेवा. नवं लिहिण्याआधी कप्पा उघडून बघा. आणि चिठ्ठ्या फाडू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)