कोर्टाची शीव सरकली, पुढें काय?



ता. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचें सर्किट बेंच कोल्हापुरास सुरू झालें. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व आपला सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या हद्दींत आले. पूर्वीं सामायिक जमिनीचा दावा अपिलांत गेला, कीं आम्हां कुळवाड्यांस साडेचारशे किलोमीटरांपलीकडील मुंबई गांठावी लागे. आतां घाट चढला कीं कोल्हापूर. कोंकण रेल्वे तिकडे जात नाहीं. तरी वाट पुष्कळच आखूड झाली, हें आम्ही आनंदानें कबूल करतों.

पण शीव सरकली म्हणजे न्याय घरीं आला काय? ओरोसच्या जिल्हा कोर्टाची भाषा मराठी. हायकोर्टाचें कामकाज मात्र घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणें इंग्रजींत चालतें. आपल्याच जमिनीचा निकाल आपणांस दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागावा, ही परवशता नव्हे तर काय?

यास्तव प्रत्येक पक्षकारास निकालाची मराठी प्रत मिळावी, असा ठराव आपल्या ग्रामसभेनें करावा. आणि बंधूंनो, कागद वाचून घेतल्याशिवाय त्यावर सही-अंगठा करूं नका. मुलांस, विशेषतः मुलींस, कायदा शिकवा. रस्ता सरकारनें आखूड केला. अज्ञानाचा घाट आपला आपणच चढला पाहिजे.