मातीत दडलेला रोग

समजा, आपल्या भुईमुगाच्या वावरात एके ठिकाणी पाच-पंचवीस झाडे खुरटली आहेत. पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी कोवळ्या पानांवर फिकट डाग आणि कडी दिसली होती. पुढे पाने गडद हिरवी झाली, झाड मात्र वाढेना. गुच्छासारखे आखडून बसले. आपण म्हणालात, खत कमी पडले असेल. खत दिले. पुढच्या खरिपात पाहता तो खुरटलेली झाडे पुन्हा त्याच जागी, आणि ठिगळ थोडे मोठे झालेले!

सारी गोम या ‘त्याच जागी’मध्ये आहे. मावा किंवा पांढरी माशी जो रोग नेते, तो यंदा बांधाकडे तर पुढल्या साली विहिरीकडे. जागा न सोडणाऱ्या रोगाचे मूळ मातीत शोधावे लागते. संशयित माती एका कुंडीत भरायची, तीच माती वाफेवर तापवून दुसरीत, आणि दोन्हींत निरोगी बी पेरायचे. पहिल्या कुंडीतले झाड आजारी पडले, दुसरीतले नाही, म्हणजे दोष मातीतल्या कशात तरी जिवंत आहे.

भुईमुगाच्या या रोगाला ‘क्लम्प’ म्हणतात. त्याच्या भारतातील विषाणूचे सविस्तर वर्णन हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतील डॉ. डी. व्ही. आर. रेड्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू ताठ काड्यांसारखा दिसतो. काड्या दोन लांबींच्या, सुमारे १८४ आणि २४९ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. असाच रोग पश्चिम आफ्रिकेत आधीपासून ठाऊक होता. मग हा तोच का? सशाला विषाणू टोचला की त्याच्या रक्तातील द्रव त्या विषाणूला ओळखू लागतो. आफ्रिकेच्या विषाणूचा द्रव आपल्याकडच्याला ओळखीना! म्हणून याचे नाव वेगळे पडले. गंमत म्हणजे हैदराबाद, लुधियाना आणि राजस्थानातील दुर्गापुरा येथील प्रकारही या कसोटीवर एकमेकांपासून निराळे निघाले.

या विषाणूला वाहून नेणारा आहे पॉलिमिक्सा ग्रॅमिनिस हा मुळांतला सूक्ष्म परजीवी. त्याचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात, अन् विषाणूही टिकून राहतो. त्याचे खरे घर भुईमूग नव्हेच. तृणधान्यांची मुळे हे त्याचे घर. आपल्या बुलढाण्यात सोयाबीनने पुष्कळ रान व्यापले, तरी ज्वारी आणि मका आहेतच. भुईमुगाला रोग आला म्हणून तिथे ज्वारी घ्यावी, हे एरवीचे फेरपालटाचे शहाणपण इथे उलटते. ज्वारी वरून ठणठणीत, पण खाली परजीवी पोसला जातो.

त्यावर फवारायचे औषध नाही. एक युक्ती मात्र प्रयोगात उपयोगी ठरली: भुईमुगाआधी बाजरी दाट पेरायची, परजीवी तिच्या मुळांत शिरू द्यायचा, आणि त्याचे नवे बीजाणू तयार होण्यापूर्वी, दोनेक आठवड्यांत, बाजरी मुळासकट उपटून टाकायची. ओलिताची सोय असल्यास पावसाळ्याआधी पेरणी केल्यानेही रोग कमी झालेला आढळला. अशा ठिगळातले बी मात्र ठेवू नये. विषाणू बियांतूनही जातो.

तथापि खुरटलेले प्रत्येक ठिगळ विषाणूचेच, असे समजू नका. जस्ताची उणीव, साचलेले पाणी, सूत्रकृमी, कारणे पुष्कळ. कृषी विज्ञान केंद्रात जाताना खिशात एक पान नेऊ नका. आजारी झाड मुळांसकट, मातीच्या ढेकळासह न्या, सोबत एक निरोगीही. आणि निघण्यापूर्वी त्या ठिगळाच्या कडेने चार खुंट्या ठोकून ठेवा.