यंत्र घ्यावं कधी?

आज आपण एका जुन्या खरेदीविषयी बोलू. खरं तर, न केलेल्या खरेदीविषयी.

२००७ची दिवाळी. आमच्या बचत गटाकडे एक जुना टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर होता. त्यावर आम्ही शेळीपालनाच्या, बाळंतिणीच्या आरोग्याच्या फिल्म दाखवायचो. गटातल्या एका ताईंचा मुलगा अमेरिकेत नोकरीला. त्याचा फोन आला, "आई, इथे नवं यंत्र शंभर डॉलरच्या आत मिळतंय. चित्र एकदम स्वच्छ. गटासाठी आणू का?" तेव्हाच्या भावाने साधारण चार हजार रुपये. तेवढी शिल्लक होती.

बैठकीत चौकशी केली तेव्हा कळलं, अशी यंत्रं दोन तऱ्हेची आहेत. तोशिबाच्या बाजूची एचडी डीव्हीडी आणि सोनीच्या बाजूची ब्लू-रे. दोन्ही २००६ साली बाजारात आलेली. चकत्या दिसायला सारख्या, पण एकीची चकती दुसरीच्या यंत्रात चालत नव्हती. सिनेमा कंपन्याही दोन बाजूंना वाटल्या गेल्या होत्या. आम्हाला स्वस्त मिळत होती ती एचडी डीव्हीडी.

तरण्या मुली म्हणाल्या, "स्वस्त आहे तोवर घेऊन टाकू." एक मावशी म्हणाल्या, "गाय स्वस्त मिळाली, पण चारा कुठला?" मग आम्ही वहीत हिशेब मांडला. नव्या चकत्या आपल्या तालुक्यात मिळत नाहीत. ते स्वच्छ चित्र बघायला टीव्हीही नवा लागतो. अमेरिकेतलं यंत्र तिथल्या ११० ते १२० व्होल्टच्या विजेवर चालणारं, आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. आणि आमच्या फिल्म तर जुन्या प्लेअरवर चालतच होत्या. ठराव झाला: सहा महिने थांबायचं.

सहा महिने लागलेच नाहीत. ४ जानेवारी २००८ला वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या सिनेमा कंपनीने आपण यापुढे ब्लू-रेच्याच बाजूला राहणार असं जाहीर केलं. मोठ्या दुकानांनीही तीच वाट धरली. १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडीचा नाद सोडत असल्याचं सांगितलं. ज्यांनी ती यंत्रं घेतली होती, त्यांची यंत्रं काही एका रात्रीत बंद पडली नाहीत. जुन्या डीव्हीडी त्यावर लागत होत्या. पण नव्या चकत्या येणं थांबलं. एवढी किंमत कशाला उतरली होती, ते तेव्हा आमच्या ध्यानात आलं.

मैत्रिणींनो, नेहमी थांबावंच असं आम्ही म्हणत नाही. पिठाची गिरणी आज घेतली तर उद्यापासून दळण मिळतं. तिथे थांबणं म्हणजे रोजचं नुकसान. पण दोन कंपन्यांचं भांडण चालू असेल आणि आपलं काम अडलेलं नसेल, तर त्या भांडणाचा खर्च आपल्या शिलकीतून कशाला?

म्हणून आम्ही ठरावाच्या वहीत पहिल्याच पानावर चार प्रश्न लिहून ठेवलेत. आपलं काय अडलंय? यंत्राला लागणारा माल जवळ मिळतो का? बिघडलं तर दुरुस्त कोण करेल? आणि थांबलो तर रोज किती बुडेल?

पुढच्या खरेदीआधी तुमच्या बैठकीतही हे प्रश्न मोठ्याने वाचा. सही त्यानंतर करा.