दातवण राखते, खड्डा भरत नाही

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत कडुनिंब, बाभूळ, करंजाच्या काडीने दात घासण्याची रीत जुनी आहे आणि ती चांगली आहे. चावून मऊ केलेली काडी नीट फिरवली तर दातांवरचा थर निघतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा दातवणाला पाठिंबा दिला आहे. पण स्वच्छता वेगळी, उपचार वेगळा. दाताच्या बाहेरच्या कवचात जिवंत पेशी नसतात, म्हणून एकदा पडलेला खड्डा कोणत्याही पाल्याने भरून येत नाही. लवंगतेलातले युजेनॉल ठणका तेवढा शमवते. कीड आत पसरतच राहते.

कुणी म्हणेल, होमिओपॅथीच्या गोळ्यांनी दुखणे थांबले. पण दाताची नस मेली तरी दुखणे थांबते, आणि पुढे मुळाशी पू होतो. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासले. होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारात सापडला नाही. नैसर्गिक ते निर्धोक, हेही खरे नाही: खर्र्यातली सुपारी आणि तंबाखू झाडाझुडपांचीच, तरी त्यांनी तोंडाचा कर्करोग होतो. दवाखाना लांब आहे, ही अडचण खरीच. म्हणूनच खड्डा लहान असताना, एका फेरीत काम भागेल तेव्हाच, दंतवैद्य गाठा. दातवण ठेवा, खर्रा सोडा.